पिल्लू माणसाच्या मागे लागलंय, आपल्या जातीत मिसळत नाही: कारणं आणि उपाय

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांची एक तक्रार सारखी येते. इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या अंड्यांपैकी एकच पिल्लू जगलं, घरच्यांनी ते हातावर वाढवलं. आता ते दिवसभर पायात घोटाळतं, माणूस नजरेआड झाला की घर डोक्यावर घेतं, आणि कोंबड्यांत सोडलं तर कुंपणाला चिकटून उभं राहतं. दुसरी तक्रार वळवाचा पाऊस होऊन गेला की सुरू होते. झाडाखाली कावळ्याचं नाहीतर साळुंकीचं पिल्लू सापडलं, मुलांनी जीव लावून वाढवलं, आता त्याला उडता येतं पण ते जात नाही. खांद्यावर येऊन बसतं आणि चोच वासून मागत राहतं.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, उपाय मात्र पिल्लाच्या जातीवर आणि वयावर ठरतो. म्हणून आधी दोन गोष्टींचं उत्तर शोधा. पिल्लू आज किती दिवसांचं आहे? आणि डोळे उघडून जग बघायला लागल्यावर पहिल्या दिवसांत त्याच्यासमोर कोण होतं? पुष्कळ जण पिल्लाची जात, खाद्य, औषध सगळं सांगतात आणि नेमकं हेच सांगत नाहीत.

हे होतं कशामुळे

कोंबडी, बदक, हंस यांची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांत पायावर उभी राहतात आणि एक-दोन दिवसांत घरटं सोडून चालू लागतात. कुणाच्या मागे जायचं हे त्यांना ताबडतोब कळावं लागतं. आईचा तयार चेहरा डोक्यात घेऊन ती जन्माला येत नाहीत. जन्मजात असते ती ओढ: जे हलतं, जे ऊब देतं, जे आवाज देतं, त्याच्याकडे जायचं. त्या ओढीच्या वाटेवर जो पहिला भेटेल त्याचा ठसा बसतो. एरवी तिथे आईच असते, म्हणून हजारो वर्षं हे बिनचूक चाललं आहे. इन्क्युबेटरच्या काचेबाहेर मात्र आपण असतो.

डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने 1873 मध्ये याबद्दल लिहिलं. त्याने पिल्लांचे डोळे जन्मल्याबरोबर लहानशा टोपीने झाकले. पहिल्या दिवसांत टोपी काढलेली पिल्लं त्याच्यामागे धावली. चार दिवस होत आले तेव्हा टोपी काढलेली पिल्लं त्याला पाहून घाबरून दूर पळाली. पिल्लं तीच, माणूस तोच, वय तेवढं वेगळं. पुढे जर्मनीत ऑस्कर हाइनरोथने हंसाच्या पिल्लांत हेच पाहिलं. कॉनराड लॉरेन्झने 1935 मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली आणि 1973 च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. अमेरिकेत एकहार्ड हेसने मॅलार्ड बदकाची पिल्लं फिरत्या नकली बदकामागे चालवून पाहिली. त्याच्या प्रयोगात सगळ्यात पक्का ठसा जन्मानंतर 13 ते 16 तासांत बसला.

हे आकडे घड्याळ लावून वापरायचे नाहीत. केंब्रिजच्या पॅट्रिक बेटसनच्या कामातून दिसलं की ठसा बसण्याची मुदत नुसत्या वयाने संपत नाही. एकाचा ठसा पक्का बसला की पिल्लू बाकीच्यांना परकं मानू लागतं, आणि त्यामुळे ती संपते. पिल्लाने अजून काहीच पाहिलं नसेल, ते अंधारात असेल, तर मुदत लांबते. इन्क्युबेटर वापरणाऱ्याला हे फार उपयोगाचं आहे. पिल्लू सुकून फुललं, पण त्याची व्यवस्था अजून झालेली नाही? मग ते उबदार, झाकलेल्या खोक्यात ठेवा आणि हाताळू नका. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढतं, पोस्टाने पिल्लं पाठवता येतात ती याच बळावर. त्या दोन दिवसांत दुसरी पिल्लं किंवा खुडूक कोंबडी शोधता येते.

ओढसुद्धा अगदी आंधळी नसते. गेब्रिएल हॉर्न आणि मार्क जॉन्सन यांनी दाखवलं की काहीही न शिकलेलं पिल्लू पेंढा भरलेल्या रानकोंबडीकडे, विशेषतः तिच्या डोक्या-मानेच्या आकाराकडे, जास्त वळतं. इटलीत जॉर्जो व्हालोर्तिगारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये नुसते हलते ठिपके दाखवले. कोंबडीच्या चालीने चालणारे ठिपके पिल्लांना भावले, आणि मांजराच्या चालीने चालणारेसुद्धा. जिवंत प्राण्याची चाल जन्मतः कळते, तो प्राणी आपल्याला खाणारा आहे की नाही ते शिकावं लागतं. माणसाळलेलं पिल्लू मांजराजवळ निर्धास्त का जातं, त्याचं उत्तर यात आहे.

आणि हे सगळं कवच फुटण्याआधीच सुरू होतं. एकोणीस-विसाव्या दिवशी अंडं कानाशी धरलं तर आतून चिवचिव ऐकू येते. वर बसलेली कोंबडी त्याला हलक्या, घोगऱ्या स्वरात उत्तर देते. गिल्बर्ट गॉटलिबने बदकांवर जे काम केलं ते मला या विषयातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. अंड्यात असताना स्वतःचा किंवा भावंडांचा आवाज ज्यांना ऐकूच आला नाही, ती पिल्लं बाहेर आल्यावर बदकीची हाक आणि कोंबडीची हाक यांत गोंधळली. जन्मजात म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो, त्याच्यामागेही असा अनुभव असतो.

एकटं पिल्लू सारखं ओरडतं

आधी थंडी तपासा. निम्म्या वेळा माणसाची सवय लागलेली नसते, पिल्लू गारठलेलं असतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर साधारण 35 अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पिल्लू बल्बखाली अंग आखडून उभं असेल तर ऊब कमी आहे. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असेल तर जास्त आहे.

ऊब ठीक असूनही ओरडत असेल तर आवाज कान देऊन ऐका. संकटातली हाक मोठी, एकामागून एक येणारी, प्रत्येक वेळी वरून खाली उतरणारी असते. समाधानाचा आवाज बारीक, खालून वर जाणारा असतो. तुम्ही समोर आल्याबरोबर किंवा नुसतं बोलल्याबरोबर पहिला आवाज थांबून दुसरा सुरू झाला, तर ठसा तुमचा आहे. अशा पिल्लावर ओंजळ धरून पाहा. क्षणभर ते बोटांच्या फटीतून बाहेर बघतं, मग मान आत घेतं, गुडघे दुमडतं, आणि डोळ्याची पापणी खालून वर चढते.

उपाय एकच, सोबत. त्याच वयाची, निदान आठवड्याभराच्या फरकातली, दोन-तीन पिल्लं मिळवा. गावात कुणाकडे नसतील तर एक दिवसाची पिल्लं विकणारी हॅचरी तालुक्याच्या ठिकाणी बहुधा असते. गिरीराज, कावेरी, काहीही चालेल, जातीचा प्रश्न येत नाही. पिल्लू चार-पाच दिवसांच्या आतलं असेल तर एका दिवसात ते भावंडांत रमतं. दोन आठवड्यांचं असेल तर काही दिवस तुमच्याकडेच पळत येईल. तेव्हा दाणा-पाणी बदलायचं आणि निघून यायचं. हाक मारली म्हणून दर वेळी उचललं तर सोबतीचा गुण येत नाही.

पिल्लं मिळेपर्यंत आरसा ठेवा, आणि कोपऱ्यात पिसांचा किंवा मऊ चिंध्यांचा झुबका टांगा, म्हणजे त्याखाली शिरता येतं. ही सोय दोन-तीन दिवसांचीच. आरशातलं पिल्लू दाणा दाखवत नाही.

मुळात हे टाळायचं असेल तर इन्क्युबेटरमध्ये दोन-तीन अंडी ठेवूच नका. एकाच दिवशी ठेवलेली दहा-बारा तरी असू द्या, म्हणजे निघणारी पिल्लं एकमेकांना आतूनच ऐकतात आणि बाहेर आल्यावर एकमेकांना बघतात. शेवटचे दोन-तीन दिवस खुडूक कोंबडीचा खराखुरा आवाज रेकॉर्ड करून हळू आवाजात अधूनमधून लावला तरी चांगलं. अंड्यात ऐकलेल्या आवाजाकडे पिल्लं जन्मल्यावर ओढली जातात, आणि पुढे कोंबडीखाली द्यायची असतील तर तो आवाज त्यांच्या ओळखीचा असतो.

दाण्यात उभं आहे पण खात नाही

हा प्रश्न एकट्या पिल्लाच्या मालकांना हमखास पडतो. चोच मारणं पिल्लाला जन्मतः येतं. बारीक, गोल, चकाकणारं काही दिसलं की ते टोचतं. पण काय टोचल्याने पोट भरतं हे त्याला शिकावं लागतं. पहिले दोन-तीन दिवस ते वाळू आणि कणी सारख्याच आवडीने टोचतं. कोंबडी जवळ असली तर ती दाणा चोचीत उचलते, पुन्हा टाकते, टुकटुक आवाज करते आणि पिल्लं तिथे गोळा होतात.

ते काम तुमच्या बोटाला करावं लागेल. जाडसर कागदावर भरड दाणा पसरा आणि नखाने कागदावर टकटक करा. पिल्लू टकटकीकडे धावतं, बोटाजवळ टोचतं, दाणा चोचीत जातो. बोट नको असेल, म्हणजे तुमचा ठसा आणखी पक्का व्हायला नको असेल, तर पेन्सिलीचं टोक वापरा आणि स्वतः खोक्याच्या कडेआड राहा. भुसा किंवा तूस पहिले दोन दिवस कागदाने झाकलेलं असू द्या, नाहीतर त्यानेच पोट भरून घेतं. पाण्याचंही तसंच. साचलेलं पाणी पिल्लाला पाणी म्हणून ओळखूच येत नाही. लॉइड मॉर्गनने एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं आहे की पिल्लू पाण्यात उभं राहूनही तहानलेलं राहतं, आणि चोच एकदा ओली झाली की लगेच मान वर करून पितं. म्हणून प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवायची.

खुडूक कोंबडी पिल्लं घेत नाही, टोचते

इथे दोन ठसे जुळावे लागतात, पिल्लाचा आणि कोंबडीचा. कोंबडी नुकतीच खुडूक झाली असेल तर तिला पिल्लं द्यायची घाई करू नका. ती निदान दोन आठवडे अंड्यांवर, नसतील तर खोट्या अंड्यांवर, नेटाने बसलेली हवी. पिल्लू एक-दोन दिवसांचं हवं. रात्री, दिवा न लावता, तिच्या पोटाखालून एकेक अंडं काढायचं आणि त्या जागी पिल्लू सरकवायचं. रात्रभर ती त्याचा आवाज आणि हालचाल अंगाखाली अनुभवते, आणि पिल्लू तिची ऊब आणि हाक. उजाडायच्या आत जाऊन बघा. ती हलक्या स्वरात बोलत असेल, पिल्लं पंखांतून डोकावत असतील, तर काम झालं.

टोचत असेल तर दोष बहुतेक वेळा पिल्लाच्या वयात असतो. बल्बखाली आठवडाभर वाढलेलं पिल्लू कोंबडीच्या हाकेला येत नाही, उलट दचकून बाहेर पळतं. अशा सैरावैरा पळणाऱ्या पिल्लाला कोंबडी परकं समजते. याला इलाज नाही. ती पिल्लं काढून घ्या आणि ब्रूडरमध्ये, म्हणजे बल्बची ऊब असलेल्या खोक्यात, एकत्र वाढवा. डालग्याखाली कोंडून जबरदस्ती केली तर सकाळी डोकं फुटलेलं पिल्लू मिळतं.

कोंबडीखाली बदकाची अंडी

आपल्याकडे ही जुनीच पद्धत आहे आणि चांगली चालते. कोंबडीची अंडी 21 दिवसांत फुटतात, साध्या बदकाची 28, म्हणजे तिला आठवडाभर जास्त बसावं लागतं. खाण्या-पिण्याला रोज उठवत जा. पिल्लं निघाली की तिचा ठसा त्यांच्यावर बसतो आणि ती तिच्यामागे शहाण्यासारखी चालतात, ती पाणी दिसेपर्यंत. पाण्याची ओढ ठशातून आलेली नसते, म्हणून आई काठावर कितीही ओरडली तरी पिल्लं आत शिरतात. बदकी नसताना वाढलेलं पिल्लू पटकन भिजतं आणि गारठतं, तेव्हा पहिले काही आठवडे उथळ थाळीतलं पाणी पुरे, तेही थोडा वेळ.

खरी अडचण पुढे येते आणि तिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. नुसत्या कोंबड्यांत वाढलेला बदक नर वयात आल्यावर कोंबड्यांवरच चढतो. कोंबड्याला बाहेर येणारं लिंग नसतं, बदकाला असतं. कोंबडीला आतून जखम होते आणि ती दगावूही शकते. म्हणून पिल्लं कोंबडीखाली काढलीत तरी ती चार-सहा एकत्र असावीत आणि कोंबडीने सोडल्याबरोबर बदकांच्या कळपात जावीत. एकुलतं एक बदक कोंबड्यांत ठेवू नका.

कोंबडा पायावर धावतो, किंवा हातावर चढतो

मागे चालण्याचा ठसा आणि जोडीदार ओळखण्याचा ठसा हे वेगवेगळे आहेत आणि दोघांच्या मुदतीही वेगळ्या आहेत. पहिला काही दिवसांचा. दुसरा कित्येक आठवड्यांत बसतो आणि दिसतो तो वयात आल्यावर. म्हणूनच लहानपणी गोड असलेला कोंबडा चार-पाच महिन्यांनी एकाएकी बिघडला असं वाटतं. नीट बघा. तो एक पंख जमिनीपर्यंत पाडून तुमच्या पायाभोवती तिरका फिरत असेल तर तो तुम्हाला कोंबडी समजतोय. मानेची पिसं फुलवून समोरून झेप घेत असेल तर दुसरा कोंबडा. माणूस आपल्याच जातीतला आहे, हे दोन्हीकडे गृहीत धरलेलं आहे.

दुसऱ्या ठशाची ताकद क्लाउस इमेलमानच्या प्रयोगांत दिसली. झेब्रा फिंचची नर पिल्लं त्याने बंगाली फिंचकडून वाढवून घेतली. मोठेपणी त्यांना वर्षानुवर्षं स्वतःच्या जातीत ठेवलं, त्यांनी जोडी केली, पिल्लंही वाढवली. तरी निवड समोर ठेवली की ते बंगाली फिंचच्या मादीकडेच गेले. पिंजऱ्यातले महागडे फिंच बंगाली फिंचखाली वाढवण्याची चाल पक्षी पाळणाऱ्यांत आहे. पिल्लं स्वतः खाऊ लागली की लगेच त्यांच्या जातीच्या मोठ्या पक्ष्यांत हलवा, महिनोन्‌महिने सांभाळणाऱ्या आईकडे ठेवू नका.

कोंबड्याचं काय करायचं? लाथ मारू नका, काठीने हाणू नका. मार म्हणजे त्याच्या लेखी झुंज, आणि झुंज चालूच राहते. हातातून दाणा देणं, उचलणं, कुरवाळणं पूर्ण बंद करा. अनुभवी, वयाने मोठ्या कोंबड्यांच्या कळपात टाका, त्या त्याला वळण लावतात. धावून आला तर मागे न हटता शांतपणे उभे राहा, मधे बादली धरा. कळपात लवकर गेलेल्या कोंबड्यांत काही आठवड्यांत फरक पडतो. सहा महिने एकट्याने माणसांत काढलेल्यात पडेलच असं नाही, आणि घरात लहान मूल असेल तर तो कोंबडा ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नखी डोळ्याला लागते.

रानातलं पिल्लू सापडलं

इथे माझा आग्रह सगळ्यात जास्त आहे, कारण कोंबडीचं पिल्लू माणसाळलं तर ते परसात जगतं, साळुंकीचं माणसाळलं तर ते मरतं. ते कुणाही माणसाच्या, कुत्र्याच्या जवळ जातं. त्याला घारीची, मांजराची भीती कुणी दाखवलेली नसते. शिवाय आपले रानपक्षी घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

पहिला प्रश्न: पिल्लाला मदत हवी आहे का? अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, ते टुणटुण उड्या मारतं, फांदी धरतं, तर ते पडलेलं नाही. उडायला शिकताना ते काही दिवस जमिनीजवळच असतं आणि आई-बाप तिथेच येऊन भरवतात. ते दिवस फार महत्त्वाचे असतात. काय खायचं, कुठे लपायचं, कुणाला बघून गप्प बसायचं हे सगळं त्या दिवसांत शिकलं जातं, आणि आपण त्याच दिवसांत ते उचलून घरी नेतो. कावळ्याच्या पिल्लाजवळ गेल्यावर डोक्यावर टोचा बसत असतील तर खूष व्हा, आई-बाप हजर आहेत. पिल्लू जवळच्या झुडपात उंचावर ठेवा, मांजर-कुत्रं हाकला आणि लांबून तासभर लक्ष ठेवा.

उघडं, पिसं नसलेलं पिल्लू घरट्यात परत ठेवा. माणसाचा वास लागला तर आई टाकून देते ही समजूत खरी नाही. घरटं मोडलं असेल तर लहान टोपलीत वाळलेलं गवत घालून ती त्याच झाडाला बांधा.

कावळ्याचं म्हणून उचललेलं पिल्लू कधी कोकिळेचं निघतं. कावळे त्यालाही भरवतात, त्यांच्याकडेच राहू द्या. कावळ्यांत वाढूनही ते मोठेपणी कावळ्याशी जोडी करत नाही. दुसऱ्याच्या घरट्यात वाढणाऱ्या पक्ष्यांत हा ठसा आपल्या कोंबडी-बदकासारखा चालत नाही. अमेरिकेतल्या काउबर्ड या अशाच पक्ष्याची पिल्लं आपल्या जातीची एक विशिष्ट हाक न शिकताच ओळखतात, असं तिथल्या अभ्यासात दिसलं आहे.

पिल्लू खरंच जखमी किंवा पोरकं असेल तर झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेला ठेवा. दूध, पाव, भात नको. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा. तोवर मुलांना दाखवणं, नाव ठेवणं, त्याच्याशी बोलणं टाळा. ऐकायला कठोर वाटेल, पण घुबडाच्या किंवा कावळ्याच्या पिल्लाशी बोललेला प्रत्येक तास त्याच्या सुटकेतून वजा होतो. चांगल्या केंद्रात पिल्लं एकेकटी ठेवत नाहीत, एकाच जातीची दोन-तीन एकत्र ठेवतात, चिमट्याने भरवतात आणि भरवणाऱ्याचा चेहरा पडद्याआड असतो.

हे इतकं कसोशीने का करायचं

लॉरेन्झच्या घरी हातावर वाढलेला जॅकडॉ, म्हणजे कावळ्याचा छोटा युरोपीय भाऊबंद, प्रेमाने त्याच्या कानात चघळलेल्या अळ्या भरायचा. ही गोष्ट हसून सांगितली जाते. मला त्यात पक्ष्याचं नुकसान दिसतं.

अमेरिकेतल्या हूपिंग क्रेन या करकोच्यासारख्या उंच पांढऱ्या पक्ष्याचा इतिहास बघा. 1941 मध्ये ते विशीच्या आसपास उरले होते. 1960 च्या दशकात सॅन अँटोनिओच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेली टेक्स ही मादी माणसांच्या हातावर वाढली आणि क्रेनच्या नराकडे ढुंकून बघेना. तिने अंडी घालावीत म्हणून जॉर्ज आर्चिबाल्ड या पक्षीतज्ज्ञाने विस्कॉन्सिनमध्ये कित्येक वर्षं विणीच्या हंगामात तिच्यासोबत राहून, पंखांसारखे हात पसरून क्रेनचा नाच केला, आणि कृत्रिम रेतनातून 1982 मध्ये तिचं एक पिल्लू जगलं. एका पक्ष्याचा चुकलेला ठसा निभावून न्यायला माणसाची एवढी वर्षं गेली.

त्याच सुमाराला, 1975 ते 1989, आयडाहोत दुसरा प्रयोग चालला. हूपिंग क्रेनची अंडी सँडहिल क्रेनच्या घरट्यांत ठेवली. पिल्लं निघाली, वाढली, सांभाळणाऱ्या आई-बापांबरोबर स्थलांतराचा रस्ताही शिकली. पण मोठेपणी त्यांनी हूपिंग क्रेनशी जोड्या बांधल्याच नाहीत. पावणेतीनशेहून जास्त अंडी ठेवूनही तिथे कळप उभा राहिला नाही. पुढे पिल्लं वाढवणारी माणसं अंगभर पांढरा झगा घालू लागली, हातात क्रेनच्या डोक्याची बाहुली धरून भरवू लागली आणि पिल्लांसमोर बोलेनाशी झाली. कॅलिफोर्नियाच्या कॉन्डर गिधाडांसाठीही अशाच बाहुल्या वापरल्या गेल्या.

आपल्या माळढोकालाही आता हा प्रश्न आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ त्याच्यासाठी राखला गेला, आणि तिथे तो दिसेनासा होत आला. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यातल्या सम इथे 2019 पासून रानातून आणलेली अंडी उबवून पिल्लं वाढवली जातात, आणि 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मलं. त्या कामाला माणसाला सरावलेला पक्षी सोयीचा पडतो. माळावर सोडायचं पिल्लू मात्र माणसापासून दूरच वाढवावं लागतं.

आता पक्षी मोठा झालाय, माणसांतच आहे

कोंबडी-बदक असेल तर कळपाशेजारी जाळीच्या पलीकडे आठ-दहा दिवस ठेवा, म्हणजे दिसतं, ऐकू येतं, पण मार बसत नाही. मग संध्याकाळी, सगळ्या खुराड्यात शिरताना, त्यांच्यात सोडा. माद्या बहुतेक मिसळतात.

रानपक्षी असेल तर "आता उडतोय ना" म्हणून टेकडीवर नेऊन सोडू नका. तो जवळच्या वस्तीत उतरेल, कुणाच्या तरी डोक्यावर बसायला जाईल आणि दगड खाईल. वन विभागामार्फत पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रात द्या आणि तो किती दिवसांचा असताना आणला, काय खायला घातलं, कुणासोबत राहिला, हे काही न लपवता सांगा. कायद्याच्या भीतीने लोक "कालच सापडला" म्हणतात. मग केंद्र त्याला रानटी समजून लवकर सोडतं. खरं सांगितलंत तर तो आधी त्याच्या जातीच्या पक्ष्यांत महिना-दोन महिने ठेवला जाईल. माणूस दिसल्यावर चोच वासणं थांबलं, अन्न स्वतः शोधू लागला, मोठ्या पिंजऱ्यात नीट उडू लागला, की मगच दार उघडतील. नाही थांबलं तर तो तिथेच राहील.